मोल्सवर्थ: ना मोल, ना किंमत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात तुम्हाला मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशावर बोलायचं आहे आणि सुरुवात आडनावावरच्या कोटीने करायची आहे: ‘मोल’ म्हणजे किंमत, ‘वर्थ’ म्हणजेही किंमत, म्हणजे या माणसाच्या नावातच शब्दांचं मोल होतं. ही कोटी खरी धरायची का? आणखी एका ठिकाणी तुम्ही वाचलं की ‘मोल’ म्हणजे बिळात राहणारा प्राणी. शिवाय हे आडनाव कितपत प्रचलित आहे, आजचे मोल्सवर्थ आपल्या कोशकाराचे वंशज असतील का आणि ‘मोल्सवर्थ घराण्याची ढाल’, म्हणजे कुलचिन्ह, छापलेला कप इंटरनेटवर विकत मिळतोय तो व्यासपीठावर ठेवावा का, असेही तीन प्रश्न आहेत.

कोटी झकास आहे, पण ती कोटी म्हणूनच सांगा. अर्थ म्हणून सांगितलीत आणि श्रोत्यांत एखादा जाणकार निघाला, तर पुढच्या भाषणाचं मोल उतरेल.

मी गेली वीस-बावीस वर्षं जुन्या ख्रिस्ती दफनभूमींतल्या शिळा वाचण्याचं आणि त्या नोंदी परदेशातल्या कुटुंबांना पुरवण्याचं काम करतो. हौसेने सुरू केलं, आता बराच वेळ त्यातच जातो. साहजिकच इंग्रजी आडनावांशी रोजची गाठ. सुरुवातीच्या काळात एका छोट्या व्याख्यानात मी ‘रॅम्सबॉटम’ या आडनावाचा शब्दशः अर्थ सांगून हशा मिळवला होता. नंतर एक वयस्कर गृहस्थ शांतपणे जवळ आले आणि म्हणाले, “अहो, बॉटम म्हणजे तिथे खोऱ्याचा तळ. ते लँकेशरमधलं एक गाव आहे.” तेव्हापासून एक सवय लावून घेतली. इंग्रजी आडनाव समोर आलं की आधी ते ऐकायचं नाही, नकाशा उघडायचा.

मोल्सवर्थसाठी नकाशा उघडला की इंग्लंडच्या पूर्वेकडे, हंटिंग्डनच्या पश्चिमेला मोल्सवर्थ नावाचं एक लहानसं खेडं सापडतं. पूर्वी हा भाग हंटिंग्डनशर परगण्यात होता, १९७४ पासून केंब्रिजशरमध्ये धरला जातो. तुम्ही नुसतं ‘मोल्सवर्थ’ शोधलंत तर खेड्याच्या आधी विमानतळ दिसेल, कारण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानं तिथून उडत. १९८० च्या दशकात तिथे क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं, तेव्हा शांततावाद्यांनी तळ ठोकला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये तो सैन्य आणून उठवला गेला. आपलं आडनाव या खेड्याचं.

म्हणजे प्रश्न खरं तर दोन आहेत आणि तुमच्या प्रश्नात ते एकात मिसळलेत. गावाच्या नावाचा अर्थ काय हा पहिला. आणि ते नाव माणसाला का चिकटलं हा दुसरा. ‘पेडणेकर’ या आडनावाचा अर्थ ‘पेडण्याचे’ एवढाच. पेडणे या शब्दाची व्युत्पत्ती हा वेगळा शोध झाला, आणि त्यातून पेडणेकरांच्या स्वभावाबद्दल काहीच कळत नाही. मोल्सवर्थचं तसंच आहे.

आता गावाच्या नावाकडे. नॉर्मन राजा विल्यमने १०८६ मध्ये इंग्लंडची जमीनमोजणी करवली. त्या डोम्सडे दप्तरात हे गाव ‘मोलेसवर्डे’ असं लिहिलेलं आहे. शेवटचा ‘डे’ बघून घाबरू नका. नॉर्मन लेखनिकांना इंग्रजी ‘थ’ जड जायचा, कानाला लागेल तसं ते लिहीत. आडनावाच्या बाबतीत सगळ्यात जुनं लेखन हाच सगळ्यात भरवशाचा साक्षीदार. आजचा उच्चार हा शेवटचा साक्षीदार, आणि तो बहुधा ऐकीव सांगतो.

या एका नोंदीने बिळातल्या प्राण्याचा निकाल लागतो. इंग्रजीत त्या प्राण्याला ‘मोल’ म्हणायला सुरुवात झाली ती चौदाव्या शतकात. त्याआधी त्याची नावं वेगळी होती. गाव तर १०८६ मध्येच दप्तरात चढलेलं. प्राण्याचं नाव गावापेक्षा अडीचशे-तीनशे वर्षांनी धाकटं असेल, तर गावाला त्याचं नाव कसं मिळेल? अशी वयाची पडताळणी नेहमी करा. निम्म्या लोकव्युत्पत्ती तिथेच गळतात.

मग ‘मोल’ कोण? जुन्या इंग्रजीत ‘मूल’ असं एक व्यक्तिनाम होतं. नॉर्मन लेखनिक ‘उ’च्या जागी ‘ओ’ सर्रास लिहीत. इंग्रजीत मुलाला ‘सन’ म्हणताना आणि प्रेमाला ‘लव्ह’ म्हणताना मधे अक्षर ओचं का येतं, हा शाळेतला वैताग आठवतोय ना? तीच खोड. तर ‘मूल’चं ‘मोल’ झालं. या नावाचा एक राजाही होऊन गेला. ६८६ च्या सुमारास वेसेक्सचा राजा कॅडवाला याने केंटचं राज्य जिंकलं आणि आपल्या भावाला, मूलला, तिथे बसवलं. वर्षभरातच केंटच्या लोकांनी त्याला साथीदारांसह जाळून मारलं. आपलं गाव त्या राजाचं, असं मात्र कोणी समजू नये. हे नाव इंग्लंडात खरोखर ठेवलं जात होतं, एवढाच त्याचा उपयोग.

आणि ‘मूल’ म्हणजे? खेचर. लॅटिनमधून आलेला हाच शब्द पुढे ‘म्यूल’ झाला. माणसाचं नाव खेचर का, यावर पंडितांचे तर्क आहेत. कोणी म्हणतं हट्टी म्हणून, कोणी म्हणतं बाप एका जमातीचा आणि आई दुसऱ्या, म्हणून. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे गाढवे आहेत, कोल्हे आहेत, रेडे आहेत. टोपणनाव पडतं, ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं आणि चौथ्या पिढीला त्यात गाढव दिसेनासं होतं.

मधला ‘स’ विसरू नका. तो इंग्रजी षष्ठीचा, आपल्या ‘चा-ची-चे’चा भाऊ. मूल-स-वर्थ म्हणजे मूलचं वर्थ.

राहिलं ‘वर्थ’, आणि माझ्या मते गंमत इथे आहे. किंमत या अर्थाचा ‘वर्थ’ आणि गावांच्या नावातला ‘वर्थ’ हे जुन्या इंग्रजीत दोन निराळे शब्द होते. पुढे घासून-घासून त्यांचा उच्चार आणि लेखन एक झालं. गावांच्या नावातल्या ‘वर्थ’चा मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा, आवार. मग त्या आवारातली घरं, मग ती वस्ती. वँड्सवर्थ, केनिलवर्थ, टॅमवर्थ ही सगळी अशीच. १९७१ मध्ये ओव्हलवर आपण इंग्लंडला पहिल्यांदा त्यांच्याच भूमीवर हरवून मालिका जिंकली, तेव्हा त्यांचा कर्णधार होता रे इलिंगवर्थ. इलिंगवर्थ म्हणजे इल्लाच्या माणसांचं आवार, यॉर्कशरमधलं एक ठिकाण. आणि आपला कर्णधार वाडेकर! नाणेफेकीला दोन आवारं समोरासमोर उभी होती म्हणायची.

विल्यम वर्ड्‌सवर्थ या कवीचं आडनावही याच कुळातलं. त्यात ‘वर्ड’ म्हणजे शब्द नाही. यॉर्कशरमधल्या वॅड्सवर्थ या गावावरून ते आलं, म्हणजे वॅडा नावाच्या कोणाचं तरी आवार. हे मुद्दाम सांगतो, कारण तुमच्या श्रोत्यांना ते जवळचं वाटेल: या कवीचा नातू, त्याचंही नाव विल्यम वर्ड्‌सवर्थ, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होता आणि प्राचार्यही होता. कवी म्हटल्यावर नावात ‘शब्द’ शोधायचा मोह होतो, कोशकार म्हटल्यावर ‘मोल’ शोधायचा. खोड एकच.

आता तुमच्या भाषणासाठी खरा ऐवज देतो. मोल्सवर्थचाच कोश उघडा आणि ‘वाडी’ हा शब्द काढा. त्याने पहिला अर्थ दिलाय तो कुंपण घातलेल्या कुरणाचा, शेताचा किंवा बागेचा. पुढे इंग्रजी प्रतिशब्दांची रांग लावलीय: एन्क्लोजर, क्लोज, पॅडॉक. दुसरा अर्थ शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका, खेडं. त्याला जोडून कोकणातली गावं अशा वेगवेगळ्या पुंजक्यांची असतात हेही त्याने टिपलंय. जुन्या इंग्रजीच्या कोशात ‘वर्थ’चे अर्थ याच क्रमाने येतात: आधी कुंपण, मग वस्ती. आपल्या आडनावातल्या शब्दाची व्याख्या त्याने दुसऱ्याच भाषेतल्या, दुसऱ्याच शब्दाखाली लिहून ठेवली. ती लिहिताना त्याच्या हे मनात आलं होतं असा माझा दावा नाही. पण कोणी मला ‘मोल्सवर्थ’चं मराठी भाषांतर मागितलं तर मी डोळे मिटून ‘मूलवाडी’ म्हणेन. आणि मूलचाही अर्थ करून हवा असेल, तर ‘खेचरवाडी’. ‘गाढवेवाडी’ कानाला जास्त मराठी लागतं, पण खेचराला गाढव म्हणणं कोशकाराला आवडणार नाही.

इथवरचं एका दमात: गाव हंटिंग्डनशरचं, नाव १०८६ आधीचं, मूल हा माणूस, वर्थ म्हणजे वाडी, किंमत आणि बिळातला प्राणी दोघेही मागाहून घुसलेले.

आता आडनाव. मूलवाडीत राहणाऱ्याला मूलवाडीत कोणी ‘मूलवाडीकर’ म्हणत नाही. सगळेच तिथले. पुण्यात राहून ‘पुणेकर’ हे आडनाव पडत नाही, पुणं सोडून दुसरीकडे गेल्यावर पडतं. इंग्लंडात हेच झालं. नॉर्मन राजवटीनंतर जमिनीची, कराची, कोर्टाची कागदपत्रं वाढली. एकाच गावात दहा जॉन आणि बारा विल्यम असले की लेखनिकाला दुसरं काहीतरी जोडावं लागे, आणि बाहेरून आलेल्याला त्याच्या गावाने ओळखणं सगळ्यात सोपं. म्हणून ‘डी मोल्सवर्थ’, म्हणजे मोल्सवर्थचा. हा ‘डी’ आपल्या ‘कर’सारखाच, फक्त आपला ‘कर’ टिकला आणि त्यांचा ‘डी’ पुढे गळून गेला. सरदार घराण्यांच्या छापील वंशावळींत इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या काळातला वॉल्टर डी मोल्सवर्थ मूळ पुरुष म्हणून येतो. या वंशावळी मी दाराशी आलेल्या पाहुण्यासारख्या वागवतो. बसायला पाट देतो, तिजोरीची किल्ली देत नाही.

सगळे मोल्सवर्थ एकमेकांचे नातेवाईक का, याला सरळ उत्तर नाही. जिथे एका नावाची अनेक गावं असतात, तिथे प्रश्न लगेच सुटतो: आपल्याकडे वडगाव पावलोपावली आहे, म्हणून दोन वडगावकर भेटले तर कोणी भाऊबंदकी काढत बसत नाही. इंग्लंडात न्यूटन आणि नॉर्टनचं तसं आहे. मोल्सवर्थची गोष्ट उलट, कारण हे आडनाव देणारं जुनं खेडं एकच. नातं असण्याची शक्यता त्यामुळे वाढते. पण वाढते एवढंच. एका पेडण्याहून निघालेले पेडणेकर अनेक जातींचे आहेत, कारण गाव सोडताना सावकारही गाव सोडतो आणि त्याचा गडीही. मोल्सवर्थहून जमीनदाराचा मुलगा निघाला असेल, तसा एखादा कुळाचा मुलगाही, आणि नव्या गावी दोघांनाही तेच नाव मिळालं असेल. गावावरून आलेल्या आडनावात गावकी असते, भावकी असेलच असं नाही.

नात्याचा निकाल लावायचा तर कागद लागतो आणि तो आजकडून मागे जात लावायचा, मागून पुढे नाही. इंग्लंडात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८३७ पासून आहे, घरातल्या सगळ्यांची नावं असलेली जनगणना १८४१ पासून, आणि चर्चच्या बाप्तिस्मा-विवाह-दफनाच्या वह्या, जिथे टिकल्या तिथे, १५३८ पर्यंत मागे नेतात. ज्यांचं कोणी इकडे मुंबई इलाख्यात होतं, त्यांच्यासाठी आणखी एक दार आहे. इथल्या चर्चमधल्या नोंदींच्या नकला दरवर्षी लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत; बंगालच्या एन-१, मद्रासच्या एन-२, मुंबईच्या एन-३ या क्रमांकाखाली. माझं निम्मं आयुष्य एन-३ मध्ये गेलं. लोक मला घराण्याची कथा पाठवतात आणि पुरावा मागतात. मी त्यांच्याकडे आजोबांचा जन्मदाखला मागतो. अनेकांचा पत्रव्यवहार तिथेच थांबतो.

लोकप्रियतेचं म्हणाल तर हे दुर्मीळ आडनाव आहे, आणि दुर्मीळ का ते वर आलंच. लोहार प्रत्येक गावात होता, म्हणून स्मिथ इंग्लंडात सगळ्यात जास्त. मूलची वाडी एकच, म्हणून मोल्सवर्थ थोडे. त्यात मुलगे नसले की नाव खुंटतं, किंवा इस्टेटीच्या वारशासाठी दुसरं नाव जोडलं जातं. कॉर्नवॉलच्या शाखेचं पुढे ‘मोल्सवर्थ-सेंट ऑबिन’ झालं ते असंच. ‘जगात अमुक इतके मोल्सवर्थ’ असे आकडे छातीठोकपणे देणाऱ्या जागा इंटरनेटवर पुष्कळ आहेत. मी ते आकडे भाषणात घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. आडनावाचा पसारा बघायचा असेल तर १८८१ ची ब्रिटिश जनगणना घ्या आणि कुठल्या परगण्यात किती घरं होती ते पाहा. आगगाडीने माणसं हलवली होती, पण आजच्याइतकी विखुरली नव्हती, त्यामुळे आडनावाची मुळं त्यात अजून दिसतात.

माणसं थोडी असली तरी नाव मात्र लांबवर पोचलं, आणि त्याला दोन शाखा कारण झाल्या. आयर्लंडच्या शाखेत १७१६ मध्ये रॉबर्ट मोल्सवर्थ व्हायकाउंट, म्हणजे उमराव, झाला. डब्लिनमधली मोल्सवर्थ स्ट्रीट या घराण्याची. त्याचा मुलगा रिचर्ड याने १७०६ मध्ये रॅमिलीच्या लढाईत घोड्यावरून पडलेल्या सेनापती मार्लबरोला आपला घोडा देऊन वाचवलं. कॉर्नवॉलच्या शाखेला १६८९ मध्ये बॅरोनेट ही पदवी मिळाली. तिचा वाडा पेनकॅरोला. त्यातला आठवा बॅरोनेट सर विल्यम हा मला सगळ्यात आवडणारा मोल्सवर्थ. कैद्यांना ऑस्ट्रेलियात पाठवण्याची पद्धत तपासणाऱ्या १८३७-३८ च्या संसदीय समितीचा तो अध्यक्ष होता आणि १८५५ मध्ये वसाहतमंत्री असतानाच वारला. वेलिंग्टनमध्ये न्यूझीलंडची संसद ज्या मोल्सवर्थ स्ट्रीटवर आहे, ती त्याच्या नावाची. पेनकॅरोच्या बागेत लावलेलं एक काटेरी चिलीयन झाड बघून एक पाहुणा म्हणाला, “यावर चढताना माकडही कोड्यात पडेल.” म्हणून त्या झाडाला इंग्रजीत आजही ‘मंकी पझल’ म्हणतात. न्यूझीलंडातच मोल्सवर्थ नावाची गुराढोरांची एक इस्टेट आहे, सुमारे १,८०,००० हेक्टरांची. मूळ खेडं तिच्या एका कोपऱ्यात हरवून जाईल.

आणि भारतात म्हणाल तर आपला जेम्स थॉमस मोल्सवर्थ एकटा नव्हता. गिल्फर्ड मोल्सवर्थ हा रेल्वेचा इंजिनिअर भारत सरकारचा सल्लागार होता आणि त्याचं सूत्रांचं खिशातलं पुस्तक इंजिनिअरांच्या पिढ्यांनी वापरलं. त्यामुळे जुन्या कागदांत ‘मोल्सवर्थ पाहावा’ असं दिसलं तर आधी बघा, लिहिणारा पूल बांधत होता की मराठी शिकत होता. हा घोटाळा मी स्वतः एकदा केलाय.

आपला मोल्सवर्थ १७९५ मध्ये जन्मला आणि पोरसवदा वयात कंपनीच्या फौजेत दाखल होऊन इकडे आला. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ आणि शास्त्री मंडळी यांना घेऊन केलेला त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये मुंबईत निघाला. तब्येत बिघडल्याने तो १८३६ मध्ये मायदेशी गेला, पुन्हा आला आणि सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये काढली. १८७१ मध्ये तो इंग्लंडात वारला. महाराष्ट्रात या आडनावाची घरं नाहीत, तरी ते घराघरात पोचलं ते पुस्तक होऊन. “मोल्सवर्थ काढ बरं कपाटातून,” असं म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर माणूस येतच नाही.

राहिला तो कप. घेऊ नका. इंग्लंडात कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं. ते देण्याचं आणि तपासण्याचं काम लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासून करतंय. कपावर असलीच तर पेनकॅरोच्या नाहीतर आयर्लंडच्या शाखेची ढाल असेल. तुमचा विषय असलेल्या माणसाने ती वापरली होती हे कपवाल्याला ठाऊक नसतं आणि त्याला त्याचं देणंघेणंही नसतं. व्यासपीठावर कोशच ठेवा. पुण्याच्या शुभदा-सारस्वतने १९७५ मध्ये काढलेलं पुनर्मुद्रण जुन्या ग्रंथालयांत बहुधा सापडतं. ‘वाडी’च्या पानावर खूण घालून ठेवा. आधी तुमची मोलाची कोटी करा, लोकांना हसू द्या, आणि मग ते पान उघडून वाचा. उच्चार मात्र ‘मोल्झवर्थ’ असा करा, मधे ‘झ’. आपण लिहितो ‘स’ आणि तो चालतो, पण तुमच्याकडे कोणी विलायतेतला पाहुणा बसला असेल तर तो तेवढ्यावर खूश होईल.